दुपारचा बॅकवॉश

"साळवे साहेब, हौदातलं पाणी परत कमी झालं. आबा आज बी पाण्यात उतरले न्हाई."

दिनकररावांचा फोन आला तेव्हा मी एका रोलिंग मिलच्या पॅनलमध्ये डोकं घालून बसलो होतो. त्या महिन्यातला हा त्यांचा कितवा फोन, ते मोजायचं मी सोडून दिलं होतं. येतो म्हणालो आणि मनातल्या मनात त्या हौदाला दोन शिव्या घातल्या.

मी कंट्रोल पॅनल बनवतो. मोटार केव्हा चालू व्हावी, केव्हा बंद व्हावी, हे ठरवणारी पेटी म्हणजे पॅनल. जालन्यात रोलिंग मिल आहेत, डाळ मिल आहेत, बियाण्यांचे प्लँट आहेत, त्यामुळे हाताला काम कमी पडत नाही. स्विमिंग पूल मात्र पहिलाच. दिनकरराव मूळचे टेंभुर्णीचे, बियाण्यांच्या व्यापारात वर आलेले, अंबड रोडला बंगला बांधून राहणारे. त्यांच्या वडिलांना, आबांना, लकवा मारला आणि डावा पाय उचलेना. फिजिओथेरपिस्टनं सांगितलं की छातीइतक्या पाण्यात रोज चालवा, पाणी अंगाचं वजन पेलतं, पाय सुटतो. मुलानं सरळ बंगल्यामागं पूल बांधला. घरात त्याला सगळे हौदच म्हणत.

पाणी छातीवरून कमरेपर्यंत उतरलं की सगळा भार पायावर येतो, मग पडायची भीती. म्हणून पाण्याची पातळी कायम राखायचं काम माझ्याकडं आलं होतं.

मी पोचलो तर दिनकरराव काठावरच उभे होते. गावात टँकरमागं लोक घागरी घेऊन पळत होते आणि यांच्या घरी पोहायचा हौद, यावरून त्यांना बरंच ऐकावं लागत असावं.

"लोकं तोंडावर बोलून राह्यले साहेब," ते म्हणाले. "आबासाठी केलं म्हणून सहन केलं. आता आबालाच उपयोग न्हाई. पुढल्या रविवारपर्यंत बराबर झालं तर ठीक, न्हाई तर मुरूम टाकून बुजवून टाकतो."

आबा व्हरांड्यात खुर्चीवर बसून ऐकत होते. त्यांचा वॉकर शेजारी भिंतीला टेकवलेला होता. मला फार वाईट वाटलं. एवढा उंचापुरा शेतकरी माणूस, आणि त्याचं चालणं माझ्या वायरिंगवर अडलेलं.

आता सिस्टिम सांगतो, अवघड नाही. पुलात स्टीलच्या कमीजास्त लांबीच्या काड्या सोडलेल्या असतात. पाणी मधल्या काडीच्या खाली गेलं की पॅनलला कळतं आणि बोअरची मोटार चालू होते. बोअरला पाणी नसेल तर मोटार जळू नये म्हणून एक रिले, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, सगळं बंद पाडतो. दुसरा भाग फिल्टरचा. ती वाळू भरलेली टाकी. पुलाचं पाणी वाळूतून गाळून परत येतं. वाळू घाणीनं चोंदली की पाणी उलट्या बाजूनं सोडून ती धुवायची. याला बॅकवॉश म्हणतात. धुतल्यावरचं पाणी बाहेर फेकलं जातं. मी ते ऑटोमॅटिक केलं होतं, आणि आमच्या टेस्टिंगसाठी हातानं बॅकवॉश सुरू करायचं एक हिरवं बटण पॅनलवर ठेवलं होतं.

पहिला संशय गळतीवर. मी सगळी सिस्टिम बंद केली, एक बादली भरून पुलाच्या पायरीवर ठेवली आणि दोन्हीकडं खडूनं खूण केली. ऊन बादलीतलं पाणी जेवढं पितं तेवढंच पुलातलं पिणार. पुलातलं जास्त उतरलं तर गळती. दुसऱ्या दिवशी दोन्ही सारखंच उतरलेलं. पूल बांधणारा गवंडी दोषातून सुटला आणि सगळे माझ्याकडं बघू लागले. आबा तर माझ्याकडं बघेनातच. सिस्टिम बंद ठेवली म्हणून चिडलेत, एवढंच दिनकररावांच्या बायकोनं, वहिनींनी सांगितलं.

मग विजेवर संशय घेतला. आपल्याकडं लाईट जाते-येते, त्यात टायमर गोंधळतो आणि नको तेव्हा बॅकवॉश सुरू होतो. टायमर बदलला. प्रेशर स्विच बदलला. पाणी कमी व्हायचं ते झालंच. शेवटी मी बॅकवॉश किती वेळा झाला ते मोजणारे दोन काउंटर बसवले, एक ऑटोमॅटिकवर आणि एक हिरव्या बटणावर. दोन दिवसांनी बघितलं तर ऑटोमॅटिकचा काउंटर जागचा हललेला नव्हता. बटणाचा हलला होता.

म्हणजे कोणीतरी बॅकवॉश करत होतं. पुलाचं पाणी बाहेर जायचं, पातळी उतरायची, बोअर चालू व्हायचा, उन्हाळ्यातला बोअर थोड्याच वेळात कोरडा पडायचा, आणि रिले सगळं बंद पाडायचा. माझी सिस्टिम बिलकुल बरोबर चालत होती. वॉचमननं हात वर केले. वहिनी म्हणाल्या, त्या पंप रूमकडं आम्ही फिरकतसुद्धा नाही.

जेवणं झाली, बंगला दुपारच्या झोपेला लागला. मी पंप रूममध्ये फिल्टरच्या मागं सिमेंटच्या गोणीवर बसून राहिलो. जरा डुलकी लागत होती तेवढ्यात बाहेर काठी टेकल्याचा आवाज आला. मग पाय ओढल्याचा. मग परत काठीचा.

आबा आत आले. वॉकर नाही, सोबत कोणी नाही. एक हात भिंतीला, एका हातात काठी. सरळ पॅनलपाशी गेले आणि काठीच्या टोकानं हिरवं बटण दाबलं.

मी उभा राहिलो. ते दचकले नाहीत.

"आबा, तुम्ही चालता?"

"चालून राह्यलो की. बोंबलू नका."

ते वळून बाहेर निघाले, मी मागं. बॅकवॉशचं पाणी कंपाउंडच्या कडेच्या नालीतून जात होतं, आणि नालीच्या पलीकडं मोसंबीची आठ-दहा झाडं होती. आबांनी काठीनं मातीचा बांध फोडला. पाणी एका आळ्यात गेलं. ते भरल्यावर पुढचा बांध फोडला. जन्मभर शेतात दारं धरली तशीच, पाणी वळवत ते भिंतीच्या आधारानं झाडामागून झाड पुढं सरकत होते.

टेंभुर्णीची बाग पाण्यावाचून गेली तेव्हा त्यांनी ती उभी तोडलेली पाहिली होती. ही कलमं त्यांनी आजारी पडायच्या आधी लावलेली. टेस्टिंगच्या वेळी त्यांनी मला बटण दाबताना पाहिलं आणि पाणी कुठं जातं तेही पाहिलं.

"मग घरात सांगत का नाही, चालता येतं म्हणून?"

"दिनकरला कळलं की तो हौद बुजवीन. हौद गेला की पाणी गेलं. मंग झाडांचं कसं?"

"अन् पाणी कमी झालं की तुमचाच व्यायाम बुडतो, त्याचं?"

आबांनी माझ्याकडं अडाण्याकडं बघावं तसं बघितलं. "मी झाडाकडं चालून राह्यलो ना. पाण्यात कशाला चालू?"

मला खरं तर राग यायला हवा होता. आला नाही. सांगावं तर लागेल, असं मी म्हणालो.

"सांगा. आधी झाडांच्या पाण्याचं बघा, मंग सांगा. बराबर?"

"बराबर," मी म्हणालो.

पाणी साठवायला एक टाकी लागेल, एवढंच दिनकररावांना सांगितलं. त्यांनी कुरकुरत बसवून दिली. बॅकवॉशचं पाणी आणि घरातलं आंघोळीचं पाणी त्यात जोडलं. पुलाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते टाकीत दिवसभर राहिलं की उडून जातं. त्यानं पानांची टोकं करपतात हे आबांनी मला आधीच दाखवलं होतं. टाकीवर छोटी मोटार बसवली, ती चालू करायला पॅनलवरचं बटण काढून झाडांपाशी नेलं. पूल त्यानंतर छातीइतका भरलेलाच राहिला.

रविवारी मी दिनकररावांना झाडांपाशी बोलावलं. भिंतीच्या कडेनं आबा काठी टेकत आले. दिनकरराव पुढं धावले ते आळ्यातच उभे राहिले, त्यांचे डोळे भरून आले.

"आबा, कधीपास्नं?"

"ते मंग सांगतो. आधी आळ्यातून सरक, पाणी सोडायचंय."

फिजिओथेरपिस्टनं ती जागा पाहिली आणि आबांचं चालणं वाढावं म्हणून बटण कंपाउंडच्या पार दुसऱ्या टोकाला हलवायला लावलं. तेवढीच वायर मला जास्त लागली. पुढं आबांचं पाण्यात चालणं थांबलं, पण हौद बुजवला नाही. त्यात गच्चीचं पावसाचं पाणी साठवतात, मोसंबीसाठी. पॅनल धूळ खात पडलं. माझ्या त्या सगळ्या ऑटोमेशनमधलं एक हाताचं बटण तेवढं टिकलं.

तेव्हापासून नव्या घरी काम घेतलं की पॅनलचं झाकण उघडायच्या आधी मी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारतो, तुम्हाला याचं काय करायचंय. मालकाचं नंतर ऐकतो.