आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी

“तोंड उघडा,” म्हटलं, तर कोंडाबाईंना ते उघडता येईना. जिभेवर, ओठांच्या आत, सगळीकडे फोड. बाराच दिवसांपूर्वी मी त्यांना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू केलं होतं. ते फोड बघून माझं डोकंच फिरलं, कारण त्याचा अर्थ मला कळला होता.

ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. नव्या पेशी तयार व्हायला फोलेट हे जीवनसत्त्व लागतं, आणि ही गोळी ते वापरू देत नाही. म्हणून जोडीला फॉलिक अ‍ॅसिड, गरोदर बायकांना देतो तेच, बाकीचे सहा दिवस. दोन्ही गोळ्या बारीक आणि पिवळ्या. अदलाबदल झाली तर तोंड फोडांनी भरतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात, मग साधा ताप-खोकलाही जिवावर बेततो.

“गोळ्यांची पिशवी दाखवा.”

मेथोट्रेक्सेटची दहाची पट्टी रिकामी. फॉलिकच्या पट्टीतून दोनच गेलेल्या.

मी तर चारच गोळ्या लिहिल्या होत्या! औषधवाल्याला फोन लावला.

“मॅडम, पट्टी कापली की उरलेल्या सहा कोण घेतंय?”

“कोंडाबाईंनी घेतल्या. आता उताऱ्याला फोलिनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन आहे का सांगा.”

“फॉलिक आहे की! एकच ते.”

एकच नव्हे हो. फॉलिक अ‍ॅसिड शरीराला आधी बदलून घ्यावं लागतं, आणि ते बदलण्याचं कामच या गोळीने अडवलेलं असतं. फोलिनिक तयार रूपात मिळतं. हे त्याला फोनवर तीनदा सांगितलं आणि शेवटी इंजेक्शन सांगलीहून मागवलं. तोवर रक्ताचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी फारच खाली. बाईंना लगेच भरती करून घेतलं आणि पुढचे तीन दिवस मी सगळ्या विटा गावावर खेकसत होते.

चौथ्या दिवशी त्यांना नीट बोलता यायला लागलं. मी तयारच होते.

“कोंडाबाई, अहो किती सोपं करून सांगितलं होतं! वार ध्यानात राहत नाही म्हणालात, म्हणून म्हटलं, ही गोळी बाजाराच्या दिवशी, ती दुसरी बाकीच्या दिवशी. तरी असं कसं केलंत?”

“आवं मॅडम, तसंच घेतल्या की. एकबी बाजार चुकवला न्हाई.”

“एकही म्हणजे? बाजार किती?”

“सा. मी लसूण-मिरची इकते न्हवं. आज विटं, उद्या तासगाव, मग इस्लामपूर… शुक्कुरवारी तेवढी घरी. तवा ती दुसरी गोळी.” मग म्हणाल्या, “तासगावात लय आग हुत हुती तोंडात. तरीबी घेतली. तुमी सांगितलं हुतं.”



टेबलावर त्यांचा केसपेपर होता. व्यवसाय: घरकाम. अक्षर माझंच. बाई समोर बसली की न विचारताच मी ते लिहून मोकळी होत असे. त्यांची सुजलेली बोटं मी एकेक दाबून तपासली होती, पण ती बोटं दिवसभर काय करतात ते विचारलं नव्हतं. सगळ्यांवरचा राग गेला, स्वतःवरचा मात्र आजही गेलेला नाही.

कोंडाबाई बऱ्या झाल्या. रक्त पूर्ववत झाल्यावर, बऱ्याच दिवसांनी, गोळी पुन्हा सुरू केली. चार गोळ्या माझ्यासमोर पट्टीतून कापून घेतल्या.

“आता ही फक्त शुक्रवारी. बाजार नसतो त्या दिवशी.”

“आनि एखाद्या शुक्कुरवारी जत्रंत दुकान मांडलं तर?”

“तरी शुक्रवारीच!” मी जवळजवळ ओरडलेच. मग पेन घेतलं, केसपेपरवरचं ‘घरकाम’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘लसूण-मिरची, सहा बाजार’.