गिरणी खोलायला गेलेले चाचा

मशीनला हात लावण्याआधी चाचा मेन स्विच खाली पाडायचे, तिन्ही फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचे आणि खिशाचं बटण लावायचे. एवढं झाल्यावरही स्टार्टर दाबून बघायचे. मशीन गप्प राहिलं की विचारायचे, "आते बोल, काय दुखस तुले?" हा प्रश्न मशीनला असायचा.

शहाद्याच्या बस स्टँडमागे त्यांचं मोटारी आणि गिरण्या दुरुस्त करायचं दुकान होतं. मी शहादा-धडगाव जीप चालवतो. घाटातल्या पाड्यांवर त्यांना नेणं-आणणं माझ्याकडे असायचं; ते माझ्या शेजारच्या सीटवर बसायचे. तुम्हीही कधी घाईच्या वेळी अशा सावकाश माणसाची वाट बघत उभे राहिला असाल, तर माझे हाल तुम्हाला कळतील. पॅसेंजर बोंबलताहेत, मी हॉर्न वाजवतोय आणि चाचा खिशाचं बटण लावताहेत!

"चाचा, लाइटच गयी शे. स्विच कसाले पाडतस?" मी एकदा वैतागून म्हणालो.

"मरनी नही ती. पानी पेवाले गयी शे, आते येई."

आमच्याकडे लाइट इतक्यांदा जाते की लोक तिच्या जाण्यालाच स्विच समजतात. लाइट गेली ना, मग घाल हात. धडगावच्या अलीकडे एका पाड्यावर गिरणीवाल्याने तेच केलं. स्टार्टर बिघडल्यापासून त्याची मोटार थेट स्विचवर जोडलेली होती. लाइट नसताना सुटलेला पट्टा पुलीवर चढवायला बसला आणि स्विच वरच राहिला. लाइट आली. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

गिरणी बंद पडली. बाया ज्वारी-मका डोक्यावर घेऊन घाट चढू-उतरू लागल्या. त्याची बायको म्हणाली, मी चालवते. तो म्हणाला, मशीनपाशी जायचं नाही, विकून टाकू. आणि गिरणी खोलून न्यायला त्याने चाचांना बोलावलं. रिकामी जीप घेऊन आम्ही पोचलो, तेव्हाही लाइट नव्हतीच.

चाचांनी त्याचा हात हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग त्या बाईकडे वळले. "बेटी, खोलनं शे ना? मंग तूच खोल. मी सांगस."

नवरा ताडकन उठला. "चाचा, ती नको!"

"लाइट तिन्हा हातमा ऱ्हाई. तू बठ."

तिने स्विच पाडला, फ्यूज काढले. खिसा नव्हता, म्हणून पदराच्या गाठीत बांधून कमरेला खोचले. "आते हात लावू?" चाचा तिलाच विचारायचे आणि तिने होकार दिल्याशिवाय हलायचे नाहीत. जुना पट्टा उतरला. चाचांनी पिशवीतून नवा पट्टा काढला, नवा स्टार्टरही काढला. गिरणी खोलून न्यायला आलेला माणूस हे सामान कशाला आणेल? मी हसू दाबत घाटाकडे तोंड करून उभा राहिलो.

चाचांनी स्टार्टर जोडला. ती पट्टा चढवायला लागली आणि तेवढ्यात घरातला बल्ब लागला. नवरा ओरडला, त्याने डोळे घट्ट मिटले.

पुली जागची हलली नाही.

"बेटी, लाइट उनी," चाचा म्हणाले.

"उनी ते उनी," ती म्हणाली आणि पट्टा चढवत राहिली.

त्या दिवशी जीप रिकामीच परत आली. पाड्यावर मात्र पिठाचा वास सुटला होता.

या हिवाळ्यात चाचा गेले. तो माणूस मला फार आवडायचा, आणि हे त्यांना न सांगताच मी इतकी वर्षं हॉर्न वाजवत राहिलो. बातमी घेऊन मी पाड्यावर गेलो. गिरणीसमोर बायांच्या टोपल्यांची रांग होती. तिने मशीन बंद केलं, ऐकलं आणि पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. मग नवरा उठला, त्याने मशीन सुरू केलं आणि पहिली टोपली उचलून तिच्यातली ज्वारी मशीनमध्ये ओतली.

निघताना तिने पिठाची पिशवी माझ्या हातात दिली. "चाचीले दे. आतेच दळेल शे."

जीप गच्च भरली होती. माझ्या शेजारी बसलेल्याला मी मागे सरकवलं आणि त्या सीटवर पिशवी ठेवली.