शेवटच्या नोंदीखाली

या सदरातले अनुभव मी आजवर चहा पिता पिता वाचले आणि पान उलटलं. त्यामुळे माझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणायचा मला हक्क नाही. घडलं तसं लिहिते, एवढंच.

आम्ही कित्येक पिढ्या बेंगळूरचेच. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. माझा मोठा भाऊ – अण्णा – इथल्या एका संशोधन संस्थेत कॉम्प्युटर विभागात होता. लग्न होऊन मी अमेरिकेला गेले, नवरा तिथे विद्यापीठात शिकत होता. तेव्हा आजच्यासारखं इंटरनेट नव्हतं. गोफर नावाची एक पद्धत होती. काळ्या पडद्यावर आकडे घातलेली यादी यायची. आकडा दाबला की आत दुसरी यादी, तिच्या आत तिसरी, आणि शेवटी वाचायला मजकूर. संस्थेची ही यादी अण्णा सांभाळायचा. तिच्यात त्याने गुपचूप एक कोपरा आमच्यासाठी करून ठेवला. सहा, मग तीन, मग एक... की 'आई'.

संध्याकाळी आई सांगायची, दुसऱ्या दिवशी अण्णा ऑफिसात ते इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा. मी विद्यापीठाच्या लायब्ररीत बसून वाचायचे. 'आज अवरेकाळूची उसळ केली. शेजारच्या अक्काला दिली. तू नीट जेवतेस ना?'

मला दिवस गेले, नववा महिना लागला, नोंदी चालूच होत्या. बाळंत होऊन घरी आले त्या दिवशी अण्णाचा फोन आला. आई गेली होती... आणि जाऊन अकरा दिवस झाले होते.

त्या अकरा दिवसांतल्याही नोंदी मी वाचल्या होत्या. दवाखान्यात उशाजवळच्या टेबलावर प्रिंट आणून ठेवायचा माझा नवरा. 'आज पाय दुखत नाहीत.' 'आज बाळाचं दुपटं शिवायला घेतलं.' सगळं अण्णाने मनाने लिहिलेलं.

"तू त्या अवस्थेत होतीस, वसू," तो म्हणाला. मी फोन ठेवून दिला.

पुढे आम्ही परत आलो. जे. पी. नगरात अण्णाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहिलो. सणवार, लग्नकार्यं सगळं एकत्र झालं. पण तो विषय मी कधी काढू दिला नाही.

गेल्या वर्षी अण्णा आजारी पडला. हॉस्पिटलात एकदा आम्ही दोघंच होतो. तो म्हणाला, "मला तेव्हा दुसरं काही सुचलं नाही गं."

"सरी, असू दे, आता ते कशाला," मी म्हणाले आणि सफरचंद कापत बसले. चौथ्या दिवशी तो गेला.

तीनेक महिन्यांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, मी आणि वैनी त्याचे कागद आवरत होतो. एका वहीत त्या जुन्या यादीचा पत्ता सापडला, त्याच्याच अक्षरात. काही हौशी लोक अजून गोफर चालवतात असं मी ऐकलं होतं. लॅपटॉपवर तसला एक प्रोग्राम उतरवून घेतला आणि पत्ता टाकला – उगाच. संस्थेचं ते मशीन केव्हाच भंगारात गेलं होतं, खुद्द अण्णानेच सांगितलं होतं.

यादी आली.

सहा दाबलं. तीन. एक. आईच्या नोंदी ओळीने खाली उतरत गेल्या. दुपट्याची नोंद शेवटची, हे मला पाठ होतं. तिच्याखाली आणखी एक होती. ती उघडली आणि वैनींना ऐकू जाईल असं वाचलं.

'आज अण्णा आला. फार थकलाय. स्वल्प भात खाल्ला नि झोपला. चष्मा तिकडेच राहिला त्याचा, वाचता येत नाही म्हणतो. वसूला कळवा, पोचला म्हणून.'

वैनींनी हातातले कागद खाली ठेवले. "चष्म्याचं तुला कुणी सांगितलं?"

"कसलं चष्म्याचं?"

"शेवटच्या दिवशी गडबडीत त्यांचा चष्मा माझ्या पर्समध्ये राहिला. तसंच नेलं त्यांना. अजून तिथेच आहे तो. मी कुणाजवळ बोलले नाही... कसं सांगणार?"

फोटो काढावा म्हणून मी फोन आणायला बाहेरच्या खोलीत गेले. आले तेव्हा पडद्यावर एवढंच होतं – संपर्क होऊ शकत नाही.

वैनींचा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने दोन दिवस खटपट केली. "आत्या, या पत्त्यावर काहीच नाही. असणं शक्यच नाही," म्हणाला. बाबांनीच आधी लिहून ठेवलं असेल, असंही म्हणाला. मग त्याला चष्म्याचं सांगितलं, तेव्हा त्याने लॅपटॉप मिटून ठेवला. त्यानंतर मी किती वेळा तो पत्ता टाकला असेल... काही येत नाही.

वैनी मात्र अधूनमधून ती नोंद मला म्हणायला लावतात. काल ऐकून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "वसू, हेही त्यांनीच तर लिहिलं नसेल ना? आपल्याला बरं वाटावं म्हणून?"

मला माहीत नाही. कसं आलं, कुठून आलं, कुणी लिहिलं – काहीच सांगता येत नाही. त्याने लिहिलं असलं तरी आता माझी काही तक्रार नाही. फक्त हे त्याला कुठे कळवायचं, ते कुणी सांगू शकत नाही.