पांढरा शर्ट, तीन नंबरचा दरवाजा

त्या कापडबाजारात मार खाणारे आणि मार देणारे खाली असत. मार कोणी खायचा हे ठरवणारा माणूस वर बसे. वरच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत, कॅमेऱ्यांच्या मॉनिटरसमोर. सगळा बाजार त्याला दुर्बीण म्हणे. घाऊक कापडाच्या गाठींचा बाजार तो, चोऱ्या रोजच्याच, आणि पोलिसांत खेटे घालायला व्यापाऱ्यांना वेळ नसे. दुर्बीण वॉकीटॉकीत दरवाजाचा नंबर आणि शर्टाचा रंग सांगे, आणि खाली पैलवान आपले रखवालदार घेऊन त्या रंगावर तुटून पडे. आधी हात, मग चौकशी, असा पैलवानाचा खाक्या. हा पैलवान जन्मात कधी आखाड्यात उतरला नव्हता. मान जाड आणि अक्कल पातळ, एवढ्या भांडवलावर त्याने ते नाव मिळवलं होतं.

एकदा त्यांनी एकाची बोटं शटरखाली धरली आणि शटर खाली ओढलं. एकाला लोखंडी गजाने असं झोडपलं की तो रांगत दरवाजापर्यंत गेला, तर तिथून पाय धरून पुन्हा आत आणला. दुर्बीण हे सगळं वरून बघे. त्याला वाईट वाटत नसे असं नाही, पण ते वाईट वाटणं चहाच्या घोटाबरोबर खाली उतरे. कॅमेऱ्यांना आवाज नव्हता. माणसं तोंडं उघडत, हात जोडत, आणि खोलीत फक्त पंख्याची घरघर ऐकू येई.

घरी तो बायकोला तोऱ्यात सांगे, "आयुष्यात कोणाच्या अंगाला बोट लावलेलं नाही मी!"

"बोट कशाला लावताय?" कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणे. "जीभ आहे ना हातभर लांब."

तो हसे. बायकोवर किंवा पोरांवर त्याने खरोखरच कधी हात उगारला नव्हता, आणि त्याचा त्याला फार अभिमान होता.

आता त्याच्या कामातली एक खुबी सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घात तिनेच केला. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा तळमजल्यावर कुलपात होता. तिथून भिंतीतून वर येणारी केबल जुन्या पद्धतीची, टोकाला बारीक पिना असलेली. त्यातली लाल रंगाची पिन कधीकाळी वाकली ती वाकलीच. तेव्हापासून मॉनिटरवर लाल रंग म्हणून नव्हताच. पांढरं फिरोजी दिसे, पिवळं हिरवं दिसे, आणि लाल तर पार काळं. नवा माणूस चक्रावून गेला असता. दुर्बीण मात्र मनातल्या मनात रंग बदलून घ्यायला इतका सरावला होता की फिरोजी दिसलं की जीभ आपोआप 'पांढरा' म्हणे. खरोखरच फिरोजी शर्ट घालणारा कोणी असू शकतो, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नाही. रखवालदारांना याचं भारी कौतुक. "उलट्या रंगातून सुलटा चोर काढतो आपला दुर्बीण," असं ते म्हणत.

मग एके दिवशी बाजाराच्या सेक्रेटरीने नवा मॉनिटर आणला. भिंत भरेल एवढा, अगदी बारीकसारीक दाखवणारा. पण डबा जुना आणि केबलही जुनीच. नाकापेक्षा मोती जड! बसवायला एक दुरुस्तीवाला आला, पन्नाशीचा, चष्मा लावलेला, खांद्याला कापडी थैली. बाजारात तो पहिल्यांदाच येत होता. त्याने मॉनिटर जोडला आणि चित्र पाहून दुर्बीण भडकला. माणसं धुरकट, दुकानांच्या पाट्यांवरच्या प्रत्येक अक्षरामागे सावली.

"हे काय? जुना बरा होता की याच्यापेक्षा!"

"मॉनिटरचा दोष नाही साहेब," दुरुस्तीवाला म्हणाला. "एवढं बारीक चित्र या केबलीतून येतच नाही, त्यात ती इतकी लांब. नवी केबल आणि नवा डबा घ्या, मग माणसाच्या मिशीचे केस मोजाल. एक पिन वाकलेली होती, ती मी सरळ केलीय. रंग तरी आता—"

"रंग घालू का चुलीत? चेहरे दिसत नाहीत मला!"

दुरुस्तीवाल्याने पुढचं वाक्य गिळलं, पेचकस थैलीत टाकले आणि जिना उतरून गेला. दुर्बीण धुसफुसत मॉनिटरला नाक लावून बसला. त्याचं सगळं लक्ष त्या सावल्यांवर होतं. रंगांकडे बघायला तो विसरला.

तेवढ्यात तीन नंबरच्या दरवाजाजवळ एकाने गाठीला सुरी लावली. कापडाचा तागा सर्रकन ओढून पिशवीत कोंबला आणि गर्दीत सटकला. चेहरा म्हणजे नुसता एक धुरकट ठिपका. शर्ट मात्र दिसला, फिरोजी. दुर्बिणीच्या जिभेने नेहमीचं काम केलं.

"तीन नंबर! पांढरा शर्ट, हातात पिशवी! सोडू नका!"

पैलवान धावला. तीन नंबरच्या दरवाजातून पांढऱ्या शर्टाचा एक माणूस थैली घेऊन बाहेर पडत होता. पैलवानाने त्याला मागून मानेला धरून खांबावर आपटलं. चष्मा उडाला. दुसऱ्याने पोटात लाथ घातली, तिसऱ्याने काठी. बघता बघता हमाल, गिऱ्हाइकं, ज्यांचं काही चोरीला गेलं नव्हतं तेही हात धुऊन घ्यायला पुढे सरसावले. मॉनिटरवर आवाज नाही, वर खोलीत नेहमीप्रमाणे पंख्याची घरघर.

तो माणूस खाली कोसळला, आणि त्याच्या डोक्याखालून लाल रंग फरशीवर पसरला.

दुर्बिणीच्या हातातला कप निसटला. इतक्या वर्षांत इतकी डोकी त्या मॉनिटरवर फुटली होती, आणि रक्त दर वेळी काळं दिसलं होतं, सांडलेल्या तेलासारखं. आज ते लाल होतं. लाल दिसतंय म्हणजे पिन सरळ आहे. पिन सरळ आहे म्हणजे पांढरं ते पांढरं आणि फिरोजी ते फिरोजी. खाली पडलेल्या थैलीतून पेचकस घरंगळत होते.

"सोडा! सोडा त्याला! तो नाही!" तो वॉकीटॉकीत ओरडला. पण मारताना वॉकीटॉकी कमरेला लटकवायचा, हीही पैलवानाचीच रीत. दुर्बीण जिन्यावरून अक्षरशः पडत-धडपडत खाली आला, गर्दी फाडून आत घुसला आणि दुरुस्तीवाल्यावर पालथा पडला. ओळख पटेपर्यंत दोन काठ्या त्याच्याही पाठीत बसल्या. त्याच्या कानाशी दुरुस्तीवाला कण्हत होता. एक डोळा होता तिथे नुसता लगदा दिसत होता.

"हा तो नाही," दुर्बीण धापा टाकत म्हणाला. "चूक झाली. माझी."

"मग कोण?" पैलवानाची मूठ अजून वळलेली होती. "रंग सांग!"

दुर्बिणीने मान वर केली. घोळक्यात सगळ्यात पुढे फिरोजी शर्ट उभा होता, काखेत पिशवी, आणि बुटाच्या टोकाला रक्त. त्या हरामखोराने लाथा घालायलाही कमी केलं नव्हतं. दुर्बिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. शब्द ओठावर आला होता. एक शब्द, की याच फरशीवर, याच रक्तात त्याचं थोबाड घासलं जाईल. पण आता तो खाली होता, आणि इथे सगळं ऐकू येत होतं. शटरखाली बोटं गेलेला, रांगत दरवाजापर्यंत पोचलेला, तेही 'पांढरे शर्ट'च होते. त्यांतले किती खरे पांढरे होते? मॉनिटरवर तर पांढरं आणि फिरोजी दोन्ही एकच दिसायचं.

"नाही दिसला," तो म्हणाला. "मला दिसलाच नाही नीट."

पैलवानाने खाडकन कानाखाली लगावली. "मग तुला वर शोभेला ठेवलाय का रे?"

"हाच सामील असेल!" कोणीतरी ओरडलं. तापलेल्या गर्दीला कोणीतरी हवंच असतं. पहिली लाथ घातली फिरोजी शर्टाने, अगदी मोजून मापून, जबड्यावर. मग बाकीच्यांनी. हाड मोडल्याचा आवाज कसा असतो, ते दुर्बिणीला त्या दिवशी आपल्याच तोंडातून कळलं.

दवाखान्यात दोघांना शेजारी शेजारी ठेवलं. दुरुस्तीवाला शुद्धीवर नव्हता. एक डोळा गेलाच, दुसऱ्याचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी त्याची बायको आली. बराच वेळ ती नवऱ्याच्या पायांवर हात ठेवून बसली, मग उठून दुर्बिणीच्या खाटेशी आली.

"तुम्हीच ना ते, मध्ये पडलात ते? हमाल सांगत होते." तिने पदराने डोळे पुसले. "तुम्ही नसतात तर आज यांना चौघांच्या खांद्यावरूनच न्यावं लागलं असतं, भाऊ. सख्ख्या भावाने केलं नसतं ते तुम्ही केलंत."

दुर्बिणीने मान हलवली. जबडा बांधलेला होता.

"कोणी मारलं हो यांना? तुम्ही तर त्यांना ओळखत असाल. एक नाव सांगा मला, फक्त एक."

तो कसंबसं म्हणाला, "मी."

तिला कळलं नाही. ती जवळ वाकली. त्याने सगळा जीव जिभेत गोळा केला.

"मीच मारलं त्यांना."

मग तिने त्याचे दोन्ही हात हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले. नखं साफ होती, बोटांच्या पेरांवर एक ओरखडा नव्हता.

"डोक्याला मार लागलाय तुमच्या," ती मायेने म्हणाली, आणि चमच्याने पाणी घेऊन त्याच्या ओठांशी धरलं. "बोलू नका भाऊ. पाणी प्या."