संशयी मंदाताई आणि बर्फावरची वाट

मंदाताई शिंगोटे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते डिंगोऱ्याच्या बाहेर, बंधाऱ्याकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर. राजुरीच्या शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते. ताईंच्या पायांना चाकं लावलेल्या अरुंद पट्ट्या होत्या, हातांत लांब काठ्या, डोळ्यांवर काळा चष्मा. पुढे सायकलवर घंटी वाजवत त्यांचे यजमान नामदेवराव. त्या घंटीच्या मागे ताई अशा सुसाट गेल्या की टपरीवरच्या लोकांचा चहा हातातच राहिला.

"दिसत न्हाई म्हंत्यात," टपरीवाला म्हणाला. "मंग त्यो खड्डा कसा चुकीवला?"

सगळे हसले. प्रश्न मलाही पडला होता, म्हणून परतीच्या वाटेवर मी त्यांना थांबवलं. ताईंनी आधी माझा आवाज ऐकला, मग विचारलं, "कोन तू? कुनी पाठवलं?" मी लोणीची, हे सांगून भागलं नाही. वडिलांचं नाव झालं, आईचं माहेर झालं, राजुरीत खोली कुणाकडे घेतली तेही झालं. एवढ्या चौकशीचं कारण नामदेवरावांनी सांगितलं. ही बाई आंधळी नाही, सोंग करून सवलती लाटते, असा अर्ज गावातल्याच कुणीतरी तालुक्याला केला होता.

ताईंची नजर तिशीतच डोळ्यांच्या पडद्याच्या आजारानं मधोमध विझत गेली. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, पण कडेनं उजेड आणि सावली कळते. खड्ड्याची सावली कळली म्हणून खड्डा चुकला. हे टपरीवर कितीदा समजावलं, तरी लोकांच्या मनात शंका उरायचीच.

बर्फाशी त्यांची गाठ पडली तीही शंकेतूनच. पुण्यात अंध खेळाडूंच्या शिबिरात उत्तरेकडच्या एका प्रशिक्षकांनी त्यांचा दम पाहिला आणि स्कीइंगला चला म्हणाले. लहानपणापासून डोंगर चढलेली छाती होती ती. पण ताईंना वाटलं, माणूस थट्टा करतोय. हिमाचलात पोहोचल्यावर त्यांनी बर्फ मुठीत घेतला, जिभेला लावला, आणि मगच कबूल केलं, "मीठ न्हाई, बर्फच हाय."

या खेळात लांबच लांब अंतर, चढ आणि उतार, स्वतःच्या हातापायांच्या ताकदीवर काटायचं असतं. न दिसणाऱ्या खेळाडूच्या पुढे वाटाड्या स्की करत जातो, वळण-उतार ओरडून सांगतो. मी गिर्यारोहणाच्या निमित्तानं बर्फावरचं शिक्षण घेतलेलं होतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. गावात बर्फ नाही, म्हणून सराव डांबरावर, त्या चाकांच्या पट्ट्यांवरच व्हायचा. सकाळी मी ताईंना रस्ता सांगायची. संध्याकाळी त्या त्याच रस्त्यानं नामदेवरावांबरोबर जायच्या आणि माझं वळण न् वळण पडताळून पाहायच्या. मला ते लागलं. एकदा विचारलंच, "ताई, माझ्यावर विश्वास नाही का?"

"हाये की," त्या म्हणाल्या. "पन तपासल्याला बरा."

पुढच्या हिवाळ्यांत ताईंनी पदकं आणायला सुरुवात केली, तसा संशय तालुक्याबाहेरही पोहोचला. एका राष्ट्रीय स्पर्धेत, आदल्या दिवशी, दुसऱ्या संघाच्या व्यवस्थापकांनी तक्रार केली की ही खेळाडू मध्येच मान तिरकी करते, म्हणजे हिला दिसतं. डॉक्टरांनी पुन्हा डोळे तपासले, निकाल ताईंच्या बाजूनं दिला. तरी जेवणाच्या तंबूत कुजबुज थांबेना. मी चिडले. ताई मात्र शांतपणे पंचांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "उद्या माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधा. आन् ती ह्या तक्रार करनाऱ्यांच्याच हातानं बांधा. शर्यत झाल्यावर ह्यांनीच सोडायची."

ज्या धूसर कडेवर त्यांची सगळी मदार, तीच त्या सोडत होत्या. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "ताई, उताराला काय कराल?"

"आता तुझं खोटं निघालं, तर मी मेले," त्या म्हणाल्या. हसत नव्हत्या.

सकाळी त्या व्यवस्थापकांनी पट्टी बांधली, वरून चिकटपट्टी लावली, बोटांनी चाचपून पाहिली. शर्यत सुरू झाली. चढावर सगळं ठीक होतं. उतार लागला आणि अंगावर वारा आला, तसा माझ्या कमरेला बांधलेल्या छोट्या स्पीकरमधला माझा आवाज विरायला लागला. मागून ताईंची हाक आली, "बोलत ऱ्हा! गप बसू नकोस!" सांगण्यासारखं वळण नसलं तरी मी बोलत राहिले. सुचेल ते. उदापूर, डिंगोरे, मढ, गावांची नावं ओरडत गेले. खालच्या तीव्र वळणावर "डावीकडे, आत्ता!" म्हणाले आणि मागे काठीचा आवाजच आला नाही. मग काठी बर्फात रुतल्याचा खच्च आवाज आला, लगोलग दुसरा. त्या क्षणभर थबकल्या होत्या, आणि मग उजेड-सावलीचा कसलाच पुरावा नसताना, माझ्या शब्दावर त्यांनी डावीकडे अंग टाकलं होतं.

ताई पहिल्या आल्या. धापा टाकत उभ्या राहिल्या, पण पट्टीला हात लावू देईनात. "ते पावणं कुठं हायेत? त्यांना बोलवा." व्यवस्थापक आले. चिकटपट्टी जशीच्या तशी होती. ती त्यांनीच सोडली. त्यांनी वाकून नमस्कार केला, तेव्हा ताई म्हणाल्या, "नमस्कार नगं. पट्टी तुमच्याकडंच ठेवा, पुन्हा शंका आली तर."

माणूस कडवट असेल असं यावरून कुणाला वाटेल. माझी आई मंचरच्या दवाखान्यात होती तेव्हा ताई एसटीनं एकट्या आल्या, भाकरी-पिठलं घेऊन. आईच्या उशाशी बसल्या आणि सिस्टरांनी गोळीचं नाव मोठ्यानं सांगितल्याशिवाय एकही गोळी तिच्या तोंडात जाऊ दिली नाही. सिस्टर हसायच्या, पण सांगायच्या. आई घरी आली ती ताईंचं नाव घेतच. आज आंबेगावच्या डोंगरातल्या, कमी दिसणाऱ्या मुली ताईंकडे शिकायला येतात. त्यांना पहिल्याच दिवशी ऐकवलं जातं, "माझं बी खरं धरू नका. काठी टेकवून बघा."

या गौरवग्रंथाचीही ताईंना शंका आहे. "साठी झाली म्हून पुस्तक काढत्यात, का आता घरी बसा म्हून?" असं त्यांनी मला विचारलं. हा लेख मी त्यांना वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर त्यांनी तो सुनेकडून पुन्हा वाचून घेतला, मी वाचताना काही गोड केलं का ते बघायला. दोन्ही वाचनं जुळली, तेव्हा म्हणाल्या, "छापू दे."

ताई, तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो असं म्हटलं तर तुम्ही विचाराल, कुणी सांगितलं? म्हणून एवढंच मागते: तुमच्या गुडघ्यांत बळ राहो, छातीत दम राहो, पुढचे अनेक हिवाळे तुम्ही माझ्या मागे असा, आणि मी "डावीकडे" म्हटल्यावर क्षणभर थबकण्याची तुमची सवय कधीही न सुटो.