भात सोडलेली धवलारीण

सोनुबाईला मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं. आमची नाटक कंपनी बंद पडल्यावर मी कर्जतजवळ बहिणीच्या मोकळ्या घरात राहायला आले, त्या पहिल्याच वैशाखात पलीकडच्या आळीत आगऱ्यांचं लग्न होतं. मांडवातून एका बाईचा आवाज येत होता. साधा, सरळ, नटवेपणा नसलेला. ही श्वास कुठे घेते तेच कळेना. आमच्या कंपनीत श्वास लपवता येणाऱ्या नटाला मोठा मान असे, म्हणून मी चपला न घालताच मांडवाशी गेले. हळद लावलेल्या नवरीशेजारी, अंगापिंडानं भरलेली एक बाई डोळे मिटून गात होती. ती धवलारीण. लग्नातला एकेक विधी ती धवला, म्हणजे लग्नाचं परंपरेचं गाणं, गाऊन लावून देते. सुरू केलेला धवला मध्ये तुटू द्यायचा नाही. तुटला तर नवरीच्या संसाराला ते चांगलं नाही, असं इकडे मानतात.

ओळख झाली, मग रोजचं येणंजाणं. तिचा नवरा सखा शेतकरी, अबोल माणूस. बोलण्याचं सगळं काम त्यानं बायकोवर सोपवलेलं.

पुढे सोनुबाईला धाप लागू लागली. बाजारातल्या डॉक्टरांनी सांगितलं, वजन उतरवा, तांदळाचं काहीही खायचं नाही. आता ज्या मुलखात ‘जेवलीस का’ म्हणजे ‘भात खाल्लास का’, तिथे हे सांगणं म्हणजे नटाला तोंड उघडू नकोस म्हणण्यासारखं. पण तिनं ते पाळलं. अंडी, सुकट, पालेभाज्या, वाडीवरची बाई आणून देई ते नदीचे बारीक मासे. भाताच्या गिरणीत पोती तोलायचा मोठा काटा होता. गिरणीवाला गजा एका पारड्यात भाताचं पोतं ठेवी आणि दुसऱ्यात सोनुबाईला बसवी. त्या वर्षी पोतं खाली गेलं आणि ती वर. वर बसून तिनं पोरीसारखे पाय हलवले, मी पाहिलंय.

मग लग्नसराई आली. मांडवातलं पहिलं ताट धवलारणीचं. धवलारीण उपाशी गेली तर मांडव उपाशी, अशी रीत. नाही म्हटलं तर त्या घराचा अपमान. एका मांडवात चार घास, दुसऱ्यात ताटभर, आणि मांडवात सुरू झालेलं घरी थांबलं नाही. बघता बघता ती होती तशी झाली, वर थोडी जास्तच.

त्र्याहत्तर सालच्या लग्नसराईत कुंभिवलीच्या एका लग्नात तिचा श्वास मध्येच संपला. ओळ अर्धी राहिली. तिच्या पाठीमागे खालापूरची धवलारीण मोतीबाई पाहुणी म्हणून बसली होती. तिनं ती ओळ अलगद उचलली आणि पुरी केली. येताना टेंपोत सोनुबाई ती अर्धी राहिलेली ओळ ओठांतल्या ओठांत पुन्हा पुन्हा म्हणत होती.

दिवाळीनंतर तिच्या नातीचं, पारूचं, लग्न ठरलं, पुढच्या वैशाखात. मुलाकडची मंडळी खालापूरची. त्यांनी फार गोडीनं सुचवलं की आजीला त्रास नको, आमची मोतीबाई हाय ना. सोनुबाईनं त्यांना चहा दिला, ओट्यापर्यंत पोचवलं आणि तडक गावदेवीच्या देवळात गेली. पारूचा धवला गाऊन होईपर्यंत भात शिवणार नाही, असा नवस ती बोलली. आणि हे केव्हा? नवं भात झोडून घरात आलेलं, घराघरांतून त्याचा वास सुटलेला असताना.

तेव्हापासून तिचं एक जागी बसणं संपलं. दुपारी जेवणाच्या वेळी ती माझ्या अंगणात येई, तुळशीभोवती फिरे, वाळत घातलेले कपडे काढून पुन्हा वाळत घाली. म्हणे, पोट भरलंय बाय, पण जेवले नाय. सखानं आपलं ताट खळ्यावर न्यायला सुरुवात केली. थंडीत, उन्हात, खळ्यावर एकटा बसून तो आपला भात खाई, कारण बायकोच्या नाकाशी वास जायला नको.

आणि एवढं करून काटा हलेना. माघात गजानं तिला पारड्यात बसवलं, तर पोतं वर लटकत राहिलं. गजा म्हणाला, “मावशी, पोत्यानंच भात सोडलाय वाटतं.” ती हसली नाही. घरी येताना वाटेत दोनदा थांबली, धाप लागली म्हणून, आणि दोन्ही वेळा देवीला बोल लावला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या चुलीपाशी बसले होते. ती भाकरी थापत होती. पांढरीशुभ्र, चंद्रासारखी, पाण्याच्या हातानं फिरवत. मी सहज विचारलं, पीठ कशाचं?

“तांदळाचं. आनि कशाचं?”

“अगं, मग तू भात सोडलास तो कुठला?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू नाटकात काम करून माझं डोकं कामातून गेलंय. “बाय, ही भाकरी हाय. भाकरीला कुनी भात म्हंतं का?”

मी हळूहळू विचारत गेले. सकाळची पेज? ती पेज. घावन? ते घावन. पोहे? पोहे तर न्याहारी. मागल्या वेळी डॉक्टरांचा शब्द होता ‘तांदूळ’. या वेळी देवीपुढे तिचा स्वतःचा शब्द होता ‘भात’. त्या शब्दाला ती अक्षराला जागली होती, एक शीतही तोंडात घातलं नव्हतं. भाकरी तव्यावर करपली तरी तिला कळलं नाही. मग तिनं ती उचलून सखाच्या टोपलीत टाकली आणि पदर खोचून पुन्हा देवळात निघाली. मीही मागोमाग गेले. देवीपुढे उभी राहून ती म्हणाली:

“आई, मागं मी एकच नाव घेतलं, चुकलं माजं. आता समदी घेते. भात, भाकरी, पेज, घावनं, पोहे, वडे. जे गिरनीतून येतं ते समदं.”

त्यानंतरचे महिने म्हणजे काय सांगू. मी प्रयोगाआधी पडद्यामागे घिरट्या घालणारे नट पाहिलेत, पण तिचा प्रयोग दोन्ही वेळच्या जेवणाला होता. ती चिडे, सुनेवर, कोंबड्यांवर, माझ्यावर. संध्याकाळी नदीच्या कडेनं चालत जाई आणि चालता चालता धवला म्हणे. पहिल्यांदा दर ओळीला थांबून, मग दोन ओळींनी, मग वळणाच्या आंब्यापर्यंत न थांबता. चैत्रात ती पारड्यात बसली तेव्हा दोन्ही पारडी समोरासमोर डुलत राहिली. गजानं काही थट्टा केली नाही. पोत्यापेक्षा हलकी ती काही झाली नव्हती. एवढ्या श्वासावर धवला निभेल की नाही, हे ना तिला ठाऊक होतं, ना मला.

लग्नाच्या मांडवात मोतीबाई बरोबर तिच्या मागे येऊन बसली. सोनुबाईनं धवला सुरू केला. कुंभिवलीला जिथे तुटला होता ती ओळ जवळ आली तशी माझी बोटं मीच दाबून धरली. मोतीबाईचे ओठ विलग झालेले, तयार. सोनुबाईनं हळदीचा हात पारूच्या कपाळाकडे नेला, सगळ्यांचे डोळे त्या हाताबरोबर गेले, आणि त्या हाताच्या आड तिनं श्वास घेतला. इतक्या वर्षांनी मला तो दिसला. ओळ पुरी झाली, पुढची झाली, धवला शेवटाला गेला. मोतीबाईनं तोंड मिटलं.

मग ताट आलं. वाफाळता भात, डोंगरासारखा. खालापूरचे व्याही समोर उभे. धवला गाऊन झाला होता, म्हणजे नवस फिटला होता. देवीची काही आडकाठी नव्हती. सोनुबाईनं भाताचा घास हातात घेतला. तो हात मध्येच थांबला, अख्खा मांडव थांबला. मग तिनं तो घास सकाळपासून उपाशी असलेल्या पारूच्या तोंडात घातला.

“धवलारनीचा घास नवरीला. मांडव जेवला.”

मोतीबाई म्हणाली, “ही नवी रीत कंची गं काढलीस?”

“जुनीच हाय. तुला ठावी नव्हती.”

पिढ्यान्‌पिढ्यांच्या अधिकारानं तिनं हे असं सांगितलं की व्याही मान डोलावू लागले. आज आमच्या भागात कितीतरी मांडवांत धवलारीण पहिला घास नवरीला भरवते आणि लोक सांगतात, फार जुनी चाल आहे.

वरात गेल्यावर ती माझ्याकडे आली. बसली नाही. सरळ स्वयंपाकघरात जाऊन माझ्या भाताच्या टोपावरचं झाकण तिनं काढलं आणि वाफेत तोंड धरून उभी राहिली. चांगला वेळ तशीच. मी म्हटलं, नवस फिटला ना, खा आता चार घास.

“नेरलचं लगीन हाय पुढं,” ती म्हणाली. “मला दोन अंडी उकड.”

तिनं झाकण नीट बसवलं, आणि अंडी होईपर्यंत तुळशीभोवती फिरत राहिली.