हॉलची रंगीत तालीम

माझ्या सासऱ्यांच्या अंत्यदर्शनाला सासरे स्वतः टॅक्सी करून आले.

दोष सगळा हॉलचा. आम्ही तेव्हा शहरातल्या शहरात बुओना व्हिस्टाहून बेडोकला राहायला चाललो होतो, आणि बेडोकच्या त्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटचा हॉल बघून माझा ऊरच भरून आला होता. किल्ली मिळाली त्या दिवशी मी हॉलच्या मधोमध उभं राहून "वैजू!" अशी हाक मारली, तर आधी माझाच आवाज परत आला आणि मग बायको आली. दोन टोकांना दोन माणसं उभी केली तर त्यांना बोलायला फोन लागेल, असं मला वाटलं. (लागला नसता. पण वाटायला काय जातं!)

या हॉलमध्ये माझी अब्रू गुंतली होती. काही वर्षांपूर्वी वैजूचे वडील, म्हणजे आमचे अण्णा, पुण्याहून आमच्या जुन्या घरी आले होते. तिथे बसायची, जेवायची आणि झोपायची खोली एकच. अण्णा बसले की त्यांचे गुडघे फ्रिजला टेकायचे. दूध काढायचं तर आधी अण्णांना उठवावं लागायचं. जाताना ते एवढंच म्हणाले, "जावईबापू, तुमच्याकडे माणूस येतो, पण बसत नाही."

त्यानंतर वैजूने कितीही बोलावलं तरी एकच उत्तर, "तुम्हाला उगाच अडचण." वैजू फोनवर हसायची आणि फोन ठेवला की ओट्यावर भांडी आपटायची. शेवटी मी फोनवरून हॉलचं असं काही वर्णन केलं, की अण्णा पंचाहत्तरीला इकडे यायला तयार झाले. वडिलांना ऐसपैस बसलेलं बघायचं, एवढीच वैजूची इच्छा होती. आणि अण्णांच्या तोंडून "वा, हॉल आहे बुवा!" ऐकायचं, एवढीच माझी.

सामान हलवणं आणि अण्णांचं विमान एकाच दिवशी ठेवणारा महाभाग मीच. सकाळी सामान, दुपारी मांडणी, संध्याकाळी विमान! तिकिटावर विमान उतरायची वेळ छापलेली होती, इथलीच. ती भारतातली समजून मी तिच्यात इथले अडीच तास मिळवले. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आकडा दिसला की मी त्यात काहीतरी मिळवतोच.

ट्रकमधून शेवटचं खोकं खाली उतरलं आणि लिफ्ट बंद पडली.

"लिफ्टमन कम, देन वी कम," असं म्हणून ट्रकवाले जेवायला गेले. आम्ही तिघं, म्हणजे मी, वैजू आणि आमची सात वर्षांची रेवा, अख्ख्या संसारासकट इमारतीच्या खाली. इथल्या इमारतींना तळमजल्यावर घरं नसतात. नुसते खांब आणि मोकळी फरशी. तिला व्हॉइड डेक म्हणतात. इमारतीतल्या लोकांची कार्यं तिथेच होतात, हे मला माहीत होतं. एक मलाय लग्न मी तिथे पाहिलंही होतं. कार्यं दोन प्रकारची असतात, हे मात्र मला माहीत नव्हतं.

"डोक्याला हात लावून बसू नकोस," वैजू म्हणाली. "हॉल इथेच मांडून बघू. रंगीत तालीम! वर गेल्यावर तुझं 'अजून थोडं डावीकडे' नको."

रेवाने खडूने फरशीवर हॉल आखला. भिंती, दार, खिडकी, सगळं. "बाबा, धिस वन विंडो," ती दरडावून म्हणाली. "यू कॅनॉट वॉक थ्रू लाह!" मी मुकाट्याने दारातून आत आलो.

मग आमचं भांडण झालं. वैजूला सोफा हवा होता, मला बैठक. अण्णा मांडी घालून बसतात, या मुद्द्यावर मी जिंकलो. (लग्नानंतर प्रथमच!) गाद्या पसरल्या. त्यांवर पांढरीशुभ्र चादर, कडेला लोड, तक्के. मधल्या खांबाला टीपॉय टेकवला आणि त्यावर अण्णांचा फोटो ठेवला. वाढदिवसाची भेट म्हणून वैजूने तो मोठा करून घेतला होता. काळी टोपी, गंभीर चेहरा, काळी चौकट. नव्या जागेत आधी दिवा हवा, म्हणून वैजूने समई लावली. डास फार होते, म्हणून मी उदबत्त्या लावल्या. मूठभर.

राहिला हार. अण्णांच्या गळ्यात घालायला लिटल इंडियातून शेवंतीचा हा जाडजूड हार आणला होता.

"अरे, चुरगळेल तो! दोन मिनिटं कुठेतरी अडकव," वैजू म्हणाली.

मी तो समोरच अडकवला. फोटोला.

आणि चार पावलं मागे जाऊन बघतो तर काय, मी थक्क! पांढरी बैठक, समईचा उजेड, उदबत्तीचा धूर, मधोमध अण्णा. किती प्रसन्न, किती भारदस्त! आपल्या अंगात ही कला होती आणि आपण इतकी वर्षं नुसते कॉम्प्युटर बडवत बसलो, असं मला वाटून गेलं.

तेवढ्यात चौथ्या मजल्यावरचे म्हातारे चिनी गृहस्थ, अंकल लिम, भाजीची पिशवी घेऊन आले आणि थबकले. वैजूने त्या दिवशी पांढरा ड्रेस घातला होता. खोक्यांच्या धुळीने तिचे डोळे लाल झाले होते.

"युअर फादर आह?" त्यांनी हळूच विचारलं.

"येस, माय फादर," वैजू डोळे पुसत म्हणाली.

"हाऊ ओल्ड?"

"सेव्हंटी फाइव्ह."

"गुड एज, गुड एज. व्हेन?"

कधी येणार, असं विचारताहेत असं वैजूला वाटलं. "टुडे. कमिंग बाय प्लेन, फ्रॉम इंडिया."

"बाय प्लेन!" अंकलनी डोक्यावरची टोपी काढली. "सो सडन आह?"

"नो, नो!" मी बायकोच्या मदतीला धावलो. "वी आर प्लॅनिंग फॉर वन इयर!"

अंकलनी हातातली टोपी छातीशी घट्ट धरली. मग म्हणाले, "हाऊ मेनी डेज यू कीप हिम?"

"थ्री मंथ्स."

"थ्री मंथ्स! हिअर?"

"नो, नो, अपस्टेअर्स. इन द हॉल. थ्री मंथ्स ओन्ली, बिकॉज व्हिजिट पास इज लाइक दॅट."

अंकलनी पिशवी खाली ठेवली, फोटोसमोर तीनदा कमरेत वाकून नमस्कार केला आणि झपाझप निघून गेले.

"बघ," मी वैजूला म्हणालो, "याला म्हणतात वडीलधाऱ्यांचा मान!"

थोड्याच वेळात माणसं येऊ लागली. कोणी भाजलेल्या शेंगा आणल्या, कोणी सरबताची खोकी. शेजारच्या मलाय बाई, रोहाना, मोठी किटली भरून चहा घेऊन आल्या. वैजूला जवळ घेऊन त्या म्हणाल्या, "यू मस्ट ईट, ओके?" दोन मुलगे न सांगता कुठून तरी प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन आले आणि ओळीने लावून गेले. अंकल लिम पांढरा शर्ट घालून परत आले आणि माझ्या हातात एक पांढरं पाकीट ठेवलं. मी दोन्ही हातांनी, तोंडभर हसून ते घेतलं.

"अरे, यांच्यात आहेराचं पाकीट लाल असतं ना?" वैजू कुजबुजली.

"लाल संपलं असेल."

आम्हाला या इमारतीत येऊन अर्धा दिवसही झाला नव्हता. अजून वर तर पोचलोच नव्हतो! आणि ही परकी माणसं आमच्या पाहुण्यासाठी अशी जमत होती, हळू आवाजात बोलत होती, अदबीने बसत होती. मी खरंच रुमाल काढून डोळे टिपले. ते बघून रोहानाबाईंनी माझ्याही पाठीवरून हात फिरवला.

आणि समोर टॅक्सी थांबली.

तीच काळी टोपी, तोच गंभीर चेहरा. अण्णांनी बॅग उतरवून घेतली आणि पत्ता बरोबर आहे का ते बघायला मान वर केली. ओळीने बसलेली गप्प माणसं. पांढरी बैठक. समई. उदबत्त्या. हार. आणि हारात ते स्वतः!

अंकल लिमनी फोटोकडे पाहिलं. अण्णांकडे पाहिलं. पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि खुर्ची घेऊनच मागे सरकले. रोहानाबाईंच्या हातातली किटली हिंदकळली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो पडण्याऐवजी इमारत पडली असती तर बरं झालं असतं!

"आजोबा!" रेवा ओरडली. "सो फास्ट आह, यू!"

अण्णांनी चष्मा लावला. सावकाश फोटोपाशी गेले. हार नीट निरखला.

"वैजू," ते म्हणाले, "मी कधी गेलो?"

"अण्णा, अहो, ते... हार चुरगळेल म्हणून..."

"नाही, विमान उतरताना जरा दणका बसला होता खरा. पण मला वाटलं, वाचलो."

मग मीच अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. लिफ्ट, बैठक, डास, हार. कोणीच हसेना. अंकल लिम तर लाजेने लालबुंद झाले होते. माझा हॉल, माझी अब्रू, अण्णांचं "वा", सगळं त्या फरशीवर खडूने आखल्यासारखं पुसून गेलं, असं मला वाटलं.

अण्णा मात्र खुर्च्यांच्या ओळीकडेच बघत होते. "ही सगळी माणसं माझ्यासाठी आली?"

"हो... पण गैरसमजाने..."

"मला न ओळखता?"

"हो."

"आमच्या आळीत मी पन्नास वर्षं राहतोय," अण्णा म्हणाले. "तिथे एवढी येतील, याची मला खात्री नाही."

त्यांनी फोटोवरचा हार काढून आपल्या गळ्यात घातला, चपला काढल्या आणि बैठकीवर चांगली ऐसपैस मांडी ठोकली. लोडाला टेकले. अंकल लिमचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं. बॅगेतून डिंकाच्या लाडवांचा डबा निघाला, आणि मग जो तो हसायला लागला. अंकलनी आधी लाडू घेतला, मग माझ्याकडून पांढरं पाकीट परत मागून घेतलं, आणि वर जाऊन लाल घेऊन आले. वैजू कोपऱ्यात उभी राहून वडिलांकडे नुसती बघत होती. आता तिचे डोळे धुळीने लाल नव्हते.

लिफ्ट सुरू झाली तेव्हा अंधार पडत आला होता. आम्ही वर आलो. मी दिवा लावला आणि छाती फुगवून बाजूला उभा राहिलो. अण्णांनी हॉल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाहिला.

"छान आहे," ते म्हणाले. "खालचा मोठा होता."

तीन महिने ते रोज संध्याकाळी खालीच बसले, अंकल लिमशी दोघांनाही न कळणाऱ्या भाषेत गप्पा मारत. त्यानंतरही अण्णा बऱ्याचदा आले. निघण्याआधी दर वेळी त्यांचा फोन येतो, "जावईबापू, मी अजून आहे. जरा धीर धरा." आणि दर वेळी मी विमान उतरायच्या कितीतरी आधीपासून चांगी विमानतळावर ताटकळत उभा असतो. हार दोन्ही हातांत धरून. कुठेही न अडकवता.